मोहाखालचा लांब सूर

बायको गेली आणि देवावरचा माझा विश्वास तिच्यासोबतच गेला. खोटं कशाला लिहू. ती तापात पडली तेव्हा चांद्याच्या महाकालीपुढं पागोटं ठेवून रडलो होतो. काही उपयोग झाला नाही. मग देवीला सांगून टाकलं, तुझं माझं संपलं.

पण खरे हाल मोहाची फुलं गळायला लागल्यावर झाले. आमच्या आलापल्लीकडच्या गावात मोह वेचायला पहाटे जावं लागतं, आणि ती फुलं अस्वलालाही आवडतात. म्हणून झाडाखाली कोणी गप्प राहत नाही. इथं माणूस आहे, हे अस्वलाला कळलं पाहिजे. कोणी खोकतो, कोणी हाका मारतो. माझी बायको देवीचं गाणं म्हणायची. ‘माय, मी इथी आहो,’ एवढंच त्याचं धृपद. पहिल्या ओळीला आवाज जमिनीशी, दुसरीला झाडाच्या शेंड्यावर, आणि शेवटी एक लांब सूर, तो संपतच नसे. मी दूरच्या झाडाखाली वेचायचो आणि त्या सुरावरून समजायचो, आहे, ठीक आहे. ती गेल्यावर तो लांब सूरच माझ्या डोक्यातून पुसला गेला. शब्द राहिले, चाल गेली. रान तेच, पण पान वाजलं की अस्वलच आलं वाटायचं. कितीदा तरी रिकामी टोपली घेऊन घरी पळत आलो. मोह नाही वेचला तर पावसाळ्यात खायचं काय, आणि वेचायला तर जाववत नाही, असं झालं होतं.

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या दिवसांत चांद्याचा एक फोटोवाला गावात आला. तीन पायांची घोडी, पेटीसारखा कॅमेरा, काळं फडकं. लोकांचे फोटो काढता काढता त्यानं मला विचारलं, “बाबा, घरच्या बाईंचा फोटो आहे का?”

“नाई. तिचं गानं होतं, तेबी विसरलो.”

तो म्हणाला, “मग गाण्याचाच काढू. कोणती ओळ ती कुठं म्हणायची, ते दाखवा.”

शेजारची भागी ओट्यावरून हसली. “गान्याचा फोटो? मंग वासाचाबी काढ ना भाऊ, माह्या चुलीवर भाजी करपून राह्यली!”

मलाही तो येडाच वाटला. पण रानात एकटं जावं लागणार नाही, एवढ्याच लोभानं दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्यासोबत निघालो.

पहिल्या ओळीसाठी त्यानं कॅमेरा पार खाली बसवला आणि मोहाची मुळं टिपली, आवाज जमिनीशी होता म्हणून. दुसरीला वर शेंड्याकडे. “आणि लांब सूर?” मी तिचं नेहमीचं झाड दाखवलं. त्यानं मला त्याच्याखाली उभं केलं. “उजेड कमी आहे. आतली फोटोची काच बराच वेळ उघडी ठेवीन. हलू नका, बोलू नका.” कॅमेऱ्याचं टोपण काढून तो घड्याळ पाहत उभा राहिला.

मोहाखाली गप्प राहायचं! जन्मात केलं नव्हतं, ते त्या फोटोपायी केलं. फुलं टपटप पडत होती. फोटोवाल्याच्या पाठीमागं झुडूप हललं आणि अस्वल बाहेर आलं. त्याच्या आणि अस्वलाच्या मधे एक बैल मावला असता, एवढंच अंतर. ओरडावं तर फोटोवाला दचकून पळेल, आणि पळणाऱ्यावर अस्वल धावतं. माझी दातखीळ बसली. मनात एवढंच आलं, माय, माझ्याच्यानं काही होत नाही, तूच पाहा. ज्या देवीशी भांडलो होतो तिलाच म्हटलं.

आणि तोंडातून गाणं निघालं. तो लांब सूरसुद्धा, पुरता, कापत कापत. अस्वलानं मान उचलली, ऐकल्यासारखं उभं राहिलं, मग वळून बांबूत शिरलं.

“हललात ना बाबा! काच वाया गेली,” फोटोवाला चिडला.

“मांगं पाह्य ना भाऊ,” म्हटलं. पडलेली फुलं दिसावीत म्हणून आम्ही मोहाखालचा पाचोळा जाळतो, त्या राखेत पंजे उमटले होते. तो मटकन खालीच बसला.

पुढं बाजाराच्या दिवशी तो स्वतः फोटो घेऊन आला. तिसरा बिघडला म्हणून दाखवायला लाजत होता. मी पाहिला. पडणाऱ्या फुलांच्या बारीक पांढऱ्या रेघा झाल्या होत्या, वरून खाली लांबच लांब, आणि मधे मी, थरथरून पुसट झालेला. मला रडू आलं. “भाऊ, बिघडला नाई. असाच होता तो सूर.”

त्या सुराच्या शेवटी तिचा आवाज असाच कापायचा. मी समजायचो, गळ्याची लकब आहे. फोटोत माझं भ्यालेलं अंग पाहिलं तेव्हा उमगलं. तीही रोज भ्यायची. भीत भीतच गायची, आणि मी तिकडं निर्धास्त वेचत राहायचो.

अस्वल देवीनं वळवलं की ते आपलं आपण वळलं, मला सांगता येत नाही, आणि मी कोणाशी वाद घालत नाही. माझी भीती गेली नाही. पण देवीपुढं भीती घेऊनच जावं, ती घरी ठेवून येण्याची वाट पाहू नये, एवढं मला कळलं. आता झाडाखाली हात जोडतो आणि कापऱ्या गळ्यानं लांब सूर लावतो. पलीकडच्या झाडाखालून भागी ओरडते, “आयकू येऊन राह्यलं भाऊजी, येचा आता!”

मग मी वेचायला वाकतो.