झोपाळा थांबवणारा हिरालाल

माझा मित्र हिरालाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या माझ्या दुकानात उभा होतो, गिऱ्हाइकांना दाखवायला अंगावर साडी नेसून. खांद्यावर पदर, कानाला फोन... आधी रडावं की आधी पदर सोडावा, तेच कळेना. मी गावच्या नाटकांत कामं करणारा; समोरच्या बायकांना वाटलं, शेठचं नाटक सुरू झालं. त्या हसल्या. मीही थोडा हसलो असेन.

हिरा काय काम करतो, हे मला कधीच नीट सांगता आलं नाही. आपण वेबसाइट उघडतो ते ब्राउझर निरनिराळ्या कंपन्यांचे. त्या सगळ्यांत वेगानं चालेल असा एकच, थेट यंत्राच्या जवळचा कोड ठरवायचा होता. देशोदेशीची माणसं संगणकाच्या पडद्यावर जमून त्याच्या नियमांवर वर्षानुवर्षं भांडत. हिरा आपल्या घरातून भांडे. तिथे मतदान नसे. अध्यक्ष विचारत, कुणाची हरकत? सगळे गप्प राहिले की नियम पास.

बैठकीआधी तो मला झोपाळ्यावर शेजारी बसवी. “तू विरोधी पार्टी. चाल, बोल!” मी वहिनींची शाल पांघरून परदेशी साहेब होई. पटलं नाही की हिरा पाय टेकून झोपाळा थांबवी. “हरकत शे मन्ही.”

त्याचा हट्ट एकच. कोड आकड्यांचा असू दे, पण तो माणसाला वाचता येईल असं त्याचं अक्षरी रूपही नियमातच हवं. स्वतः तो शिकला होता एसटी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात, दुसऱ्यांची पानं उघडून, त्यांच्या पोटातला मजकूर वाचून. “ते बंद व्हयनं, मंग नवा पोऱ्यास्नी शिकानं कसं?”

शेवटच्या तालमीत मला चेव चढला. शाल झटकून म्हणालो, “हिरा, तू वाचं ते माणूसनी लिखेल व्हतं. हाई मशीनच लिखी ऱ्हायनं. अक्षरं दिसतीन, पन समजई का?”

झोपाळा चालूच राहिला. त्याचा पाय खाली आलाच नाही.

“हाई तुले कोनी सांगं?” त्यानं विचारलं.

“कोनीच नही. डायलॉग शे.”

तो हसला... आणि बैठकीच्या आधीच हृदयविकारानं गेला.

बैठक झाली म्हणे. अध्यक्षांनी हरकत विचारली, कुणी तोंड उघडलं नाही, तरी अक्षरी रूप वगळायचा नियम पुढच्या खेपेवर ढकलला. परवा मी त्यांच्या झोपाळ्यावर बसलो असताना त्याची मुलगी तेजू बैठकीतल्या सगळ्यांचा निरोप घेऊन आली, “काका, बठ्ठा इचारी ऱ्हायनात. पप्पानी हरकत कायम शे का?”

काय सांगू? त्याला माझं पटलं होतं, की तो नुसता दमला होता? की मला द्यायचं उत्तर शोधत होता? बोलायला तोंड उघडलं, तर जन्मात पहिल्यांदा मला संवाद आठवेना. मग लक्षात आलं, झोपाळ्यावर मी माझ्या नाही, हिराच्या जागी बसलोय.

तेजू वाट पाहत होती. वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या.

माझा पाय आपोआप फरशीला टेकला आणि झोपाळा थांबला.