दहाची स्टँडअप

वडलांची उजवी बाजू लुळी पडली आणि मी पुणं सोडून गावी, ढाणकीला आले. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली. आमची टीम दवाखान्यांसाठी एक ॲप बनवत होती. रुग्णाला भेटीची वेळ बदलता यावी, एवढा भाग माझ्याकडे होता.

नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ मिळायचं. रोज सकाळी दहाला स्टँडअप असायची. सगळ्यांनी फोनवर जमायचं आणि झटपट सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं काही अडतंय का. वडलांना भरवायची वेळही तीच.

"जा माय, तुही मिटिंग हाय," ते जड जिभेनं म्हणायचे. उरलेला वरणभात झाकून मी वर पळायची.

टीमच्या ऑनलाइन बोर्डावर माझ्या कामाचं कार्ड 'चालू'च्या रकान्यात अडकून पडलं होतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, संपायचा, कार्ड तसंच पुढच्या स्प्रिंटमध्ये जायचं. नुकतंच टीममधल्या दोघांना काढलं होतं. म्हणून अडचण विचारली की मी 'नाही' म्हणून मोकळी व्हायची. वडलांचं अंग पुसता पुसता, त्यांची कूस बदलता बदलता मी कोड लिहायची, आणि सकाळी लिहिलेलं दुपारी मलाच उमगायचं नाही.

त्या दिवशी मी "काही अडचण नाही" म्हणत होते, तेवढ्यात खालून धप्पकन आवाज आला. फोन टाकीवर टाकून मी जिना उतरले. वडील मोरीपाशी पडले होते. मला हाक न मारता एकटेच उठले होते.

"चाचा! चाचा, लवकर या!" मी अंगणात येऊन ओरडले.

शेजारचे गॅरेजवाले चाचा ग्रीसच्या हातांनीच धावत आले. "त्यायले हालवू नको बेटी. मी गाडी आणतो."

सतरंजीवर घेऊन आम्ही त्यांना उमरखेडच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

फोन संध्याकाळी हाती आला. माइक सुरूच राहिला होता. अंगणातलं माझं ओरडणं, गाडीत घालताना वडलांचं विव्हळणं, टीमनं सगळं ऐकलं होतं. टीमच्या प्रमुख बाईंचा फोन आला.

"अगं, तू कधी बोलली का नाहीस?"

"मलाही काढलं असतं."

नसतं काढलं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

स्प्रिंटअखेरच्या रेट्रोत, म्हणजे काय चुकलं ते बोलायच्या बैठकीत, त्या म्हणाल्या, "रोज विचारत होतो आपण. पण उत्तर यायच्या आत पुढच्याचं नाव घेत होतो." स्टँडअप दुपारी नेली. माझ्या कार्डाचे लहान तुकडे केले आणि एक सहकारी रोज तासभर फोनवर माझ्यासोबत बसू लागला. भेटीची वेळ बदलायचा तो भाग अर्धामुर्धा का होईना, ॲपमध्ये आला.

वडील मात्र अंथरुणालाच खिळले. आता ते मला वर जा म्हणत नाहीत, हात धरून ठेवतात.

नव्या स्प्रिंटचं नियोजन करताना बाईंनी विचारलं, "तू किती काम घेशील?"

खालून वडील हाक मारत होते. मी म्हटलं, "मला खरंच सांगता येत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, "आधी खाली जाऊन ये. आम्ही थांबतो."