देवासच्या शाळेतली चूल

धुळ्याहून निघताना पिशवीत पांढऱ्या रुमालांचा गठ्ठा होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि कॉलेजच्या कामासाठी परराज्यात जाणारीही. शाळेभोवतीची हवा कशी आहे हे मुलांना दाखवायचं, उपाय पालकांनी ठरवायचा, असं ते काम.

धारला शाळेच्या फाटकाशी व्हॅन इंजिन चालू ठेवूनच उभ्या राहत. एका चालकाला भीतभीत सांगितलं.

“बंद कर दूँगा दीदी, फिर धक्का आप लगाओगी?”

सगळे हसले. मी खरंच धक्का लावला. दुसऱ्या दिवशी व्हॅन लांब थांबल्या. वाटलं, जमतंय आपल्याला.

इंदूरमार्गे देवासला आले. टेकडीवरचं देऊळ बसमधूनच दिसलं. शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या शालूताई मराठी निघाल्या. “धुळ्याची का तू? बस, खाऊन घे,” म्हणत त्यांनी चुलीवरची रोटी आणि वर जीरावण (पोह्यांवर घालतात तो मसाला) भुरभुरलेला बटाटा दिला.

मुलांनी खिडक्यांना ओले रुमाल बांधले. तिसऱ्या दिवशी सोडले, तर स्वयंपाकघराजवळचा सर्वांत काळा.

“ये तो मौसी का धुआँ है!” एक मुलगी ओरडली. वर्ग हसला. दारात शालूताई डाळीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

“लाकडं गीली (ओली) येतात गं,” त्या मला म्हणाल्या. “गॅस कितीदा मागितला. मीपण खोकते रोज. मला वाटायचं, वय झालं.”

संध्याकाळी पालकांची सभा भरली. ‘शाळेला गॅस मिळावा’ असं मी कागदावर लिहून आणलं होतं. मी तो वाचण्याआधीच एक पालक उठले. “चूल्हा ही हटाओ. खाना बाहर से आ जाएगा.” भराभर हात वर झाले. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं. शालूताईंचं काय, हे कुणी विचारलं नाही.

निघताना मी त्यांच्या पाया पडले.

“मुलांचा खोकला जाईल ना?”

“कमी होईल.”

“मग ठीक,” म्हणून त्या पातेली घासायला बसल्या.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, निर्णय पालकांचा होता. पण धारला चालकाशी बोलायचं धाडस झालं होतं. देवासच्या सभेत एकच वाक्य बोलायचं होतं. कागद हातातच होता. शालूताई तेव्हा शेवटच्या रांगेत उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी मान खाली घातली होती.