तिसरा भाग

मास्तर कुणाच्याही लग्नाला जायचे, आमंत्रण असो वा नसो. नवरा-नवरीकडे ते ढुंकूनही बघत नसत. थेट बँडच्या ओळीत शिरून क्लॅरिनेटवाल्याच्या शेजारी उभे राहायचे. वादन आवडलं तर विचारायचे, "रविवारी सकाळी काय करतोस? अंबरनाथला ये." चामटोलीचा गणपत त्यांना असाच एका हळदीत सापडला. तिथे नवऱ्यामुलाच्या काकांना मास्तर चोर वाटले होते आणि त्यांनी मास्तरांवर दोन तास नजर ठेवली होती.

तरुणपणी मास्तर प्रवासी जहाजावर व्हायोलिन वाजवत. पेरूच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीसाठी अडकलं, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या वादकाने त्यांना हस्तलिखितांचा गठ्ठा दिला. मेलेल्या, विसरलेल्या संगीतकारांच्या रचना होत्या त्या. "त्यांच्या गावातसुद्धा कुणी वाजवत नव्हतं. मग मी आणलं," मास्तर एवढंच सांगायचे. पुढे कारखान्यातली नोकरी सांभाळून ते शब्दकोशातून स्पॅनिश शिकले, स्पेन-मेक्सिकोच्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, आणखी रचना मिळवल्या. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की मास्तरांच्या वाद्यवृंदाची तालीम व्हायची. मी पहिलं व्हायोलिन वाजवायचे.

आमच्यातले निम्मे लग्नाच्या बँडमधले. रेषांवरचं नोटेशन त्यांना वाचता येत नसे, म्हणून मास्तर प्रत्येकाची वही स्वतःच्या हाताने सारेगममध्ये लिहून काढत. कार्यक्रमात कुणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, शेवटी एखादं हिंदी होऊन जाऊ दे." मास्तर शांतपणे सांगत, "ते वाजवणारे पुष्कळ आहेत. यांना कोण आहे?" तीस वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं. मला कधीकधी त्यांचा रागही यायचा. एखादं गाणं वाजवलं असतं तर चार माणसं जास्त आली असती.

कुणी चुकलं की मास्तर ओरडत नसत, स्वतःचा कान पकडत. एका रविवारी मी सरळसरळ बेसूर वाजवलं आणि त्यांचा हात कानाकडे गेलाच नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तालीम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "डॉक्टर म्हणतात, कान वर्षभर पुरतील. तेवढ्यात ती पेरूची रचना करून टाकू."

ती रचना त्या पहिल्या गठ्ठ्यातली होती. संगीतकाराने ती आपल्या मेलेल्या भावासाठी लिहिली आणि वाजण्याआधी तोही गेला. तिचे भाग तीन. मास्तरांच्या माहितीप्रमाणे तिसरा भाग लोकांसमोर कधी वाजलाच नव्हता. "मला तो एकदा ऐकायचाय. लोकांसमोर वाजतो तसा," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या भागानंतर बराच वेळ सगळ्यांनी वाद्यं उचलून गप्प राहायचं होतं. गणपतला ते जमेना, मध्येच फुंकायचा. "मास्तर, आमचा बँड गप झाला का वरात रस्त्यान उभी रेते. सवयच नाय." मास्तरांनी दोन महिने त्याला नुसतं गप्प बसायला शिकवलं.

बदलापूरला एका सभागृहात कार्यक्रम ठरला. दोन भाग सुरेख झाले. गणपत गप्प राहिला. पण लोकांना वाटलं संपलं. टाळ्या सुरू झाल्या आणि आयोजक शाल-नारळ घेऊन थेट मंचावर आले. मास्तरांची लोकांकडे पाठ होती, टाळ्या त्यांना ऐकू आल्या नाहीत. तिसऱ्या भागासाठी त्यांचे हात वर गेले होते. आणि मी उभी राहिले. सत्कार आला की उभं राहायचं, लहानपणापासूनची सवय. मला बघून सगळे उभे राहिले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतले, मागे वळून नारळ स्वीकारला. मग पाहुण्यांची भाषणं झाली आणि वेळ संपली.

परतताना मी रिक्षात रडत होते. मास्तर म्हणाले, "अगं, नारळ आला की उभं राहायचंच असतं. तू नाहीतर कुणी दुसरं राहिलं असतं." मला त्याने आणखीच वाईट वाटलं.

वर्ष पुरलं नाही. सहा महिन्यांत त्यांना काहीच ऐकू येईना. आज मास्तर नाहीत, पण त्यांचे कान गेल्यानंतरचा एक रविवार मी विसरू शकत नाही. आम्ही विहारात माणसं जमवली, गणपतची आई चामटोलीहून आली, आणि मास्तरांना समोर उभं केलं. तिन्ही भाग वाजवायचे होते.

तिसऱ्या भागात आमची लय सुटली. वरातीत चालत वाजवणारी माणसं, घाईला आली. मास्तर मात्र त्यांच्या मनातल्या लयीत चालले होते. आमचा शेवटचा सूर संपला तेव्हा त्यांचे हात अजून हलत होते, डोळे अर्धवट मिटलेले. मी व्हायोलिनचा बो तारेवरून जरासा उचलला आणि तसाच हवेत फिरवत राहिले. गणपतने गाल फुगवले, बोटं चालू ठेवली. एकेक करून सगळेच तसं करू लागले. समोरच्या बायकांनी मुलांना गप्प केलं. कुणीही टाळी वाजवली नाही.

मास्तरांचे हात खाली आले तेव्हाच आम्ही थांबलो.

ते माझ्याजवळ आले, वही-पेन्सिल पुढे केली. "शेवट कसा वाजला? खरं लिही."

मी लिहिलं, "तुमच्या हाताबरोबर."