पाहुण्यांच्या जिभांचा तक्ता

मुलीचा बारावीचा जीवशास्त्राचा पेपर सोमवारी होता आणि तिला बघायला पाहुणे रविवारी आले. यात मला कुणी विचारलंच नव्हतं. इचलकरंजीच्या मेहुण्यानं परस्पर ठरवून मग आमच्या घरी फोन केला. मुलगा दूध संघात कायम आहे, शाहूवाडीकडं घरची चार एकर भातशेती आहे आणि रजा रविवारचीच आहे. मी म्हटलं, सोमवारी पेपर आहे. तो म्हणाला, "दाजी, बघायलाच येणार हैत, उचलून न्यायला न्हाय." स्वतः मात्र त्या दिवशी तो फिरकला नाही.

ही गोष्ट नवं सहस्रक लागून दोन-तीन वर्षं झाल्यानंतरची. मुलीचं एक वर्ष काविळीत गेलं होतं, त्यामुळे बारावीतच तिला अठरा पूर्ण झाली होती, आणि नातेवाइकांनी ती लगेच मोजली होती. तिला जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची होती. स्थळ जमलं असतं तर मे महिन्यात लग्न, आणि पुढचं शिक्षण सासरच्यांच्या मर्जीवर. पाहुणे किती वाजता येणार एवढंच तिनं विचारलं आणि उजळणीच्या वेळापत्रकात चार ते पाच ही जागा रिकामी ठेवली.

मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासायच्या नोकरीत होतो. जीवशास्त्र मला येत नव्हतं, पण तपासणी येत होती. पुस्तक माझ्या हातात असायचं, ती पाठ म्हणायची आणि मी ओळीवर बोट ठेवून मुद्दे मोजायचो. सहापैकी पाच आले की पुन्हा पहिल्यापासून. पेशी, पचन, रक्ताभिसरण असं सगळं या पद्धतीनं झालं. मानवी प्रजनन हे प्रकरण आम्ही मधे वर्तमानपत्र धरून उरकलं. एक पान तिच्या तोंडापुढं, एक माझ्या. तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं काय छापून आलंय आज?"

रविवारी दुपारी शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आनुवंशिकतेचं. हे मला सगळ्यांत आवडलं, कारण त्यात बेरीज होती. प्रत्येक गुणाचे दोन घटक, एक आईकडून, एक बापाकडून. एक घटक वरचढ, दुसरा दबलेला. वरचढ एक जरी असला तरी गुण दिसतो. दबलेला गुण दिसायचा तर दोन्ही घटक दबलेले लागतात. पुस्तकातलं उदाहरण जिभेचं होतं. जिभेच्या दोन्ही कडा वर उचलून काहींना पन्हळ करता येते, काहींना येत नाही. पन्हळ होणं वरचढ. (पुढे कुठेतरी वाचलं की हे प्रकरण इतकं सरळ नाही. पण उद्याच्या पेपराला पुस्तक खरं.)

उदाहरण घरात करून बघायचं म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं तक्ता आखला आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला लावला. माझी पन्हळ होत होती, तिची होत होती. बायकोनं परातीवरून मान वर करून सपाट जीभ दाखवली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. तीन नोंदी झाल्या तेवढ्यात दारात जीप थांबली. तीन वाजले होते. पाहुणे एक तास आधी आले होते.

मुलगा, त्याचे वडील, आई आणि थोरले चुलते असे चौघे होते. बोलणं सगळं चुलत्यांचं. वडील चपलासुद्धा त्यांच्यानंतर काढायचे. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्याचा काठ दातात धरला होता, कारण थोरले दीर समोर होते. मुलगा बरा होता, चष्मा लावणारा, घामाघूम.

पोहे झाले, चहा झाला. मुलगी पाटावर बसली. चुलत्यांनी विचारलं, "काय शिकतीस, बाळ?"

"बारावी सायन्स. उद्या पेपर आहे."

"उद्याच? मग म्हणून दाखीव की काय येतंय ते. आमच्या टायमाला बातम्यांचा पेपर वाचून दावायला लावायचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं. चार ते पाच रिकामे होते, पण आता सव्वातीनच झाले होते आणि सव्वातीन हा वेळ आनुवंशिकतेचा होता. मी म्हणालो, "म्हण." बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला अजून आठवते.

तिनं सगळं नीट सांगितलं. मी मनात मुद्दे मोजले, सहापैकी सहा. मग तिनं खिळ्यावरचा तक्ता दाखवला. चुलते उठून जवळ गेले. "म्हंजे जीभ अशी दुमडायची? ही तर मला बारक्यापणापासनं येतीय." आणि त्यांनी आमच्या बैठकीत उभं राहून जीभ बाहेर काढली. मिशीखाली खरोखरच उत्तम पन्हळ होती. "ल्ह्या," ते जीभ तशीच ठेवून म्हणाले. मुलीनं लिहिलं.

मग त्यांना चेवच चढला. "ए, तू काढ," ते भावाला म्हणाले. मुलाच्या वडिलांनी इकडंतिकडं बघून जीभ काढली. सपाट. त्यांनी बराच जोर लावला, कानापर्यंत लाल झाले, पण कडा हलल्या नाहीत. "ह्याचं सगळंच सपाट," चुलते म्हणाले. "आता पोराची आई, तुमचं?"

मुलाच्या आईनं पदराआडून मान हलवली. नाही.

"न्हाय म्हणतीय. ल्ह्या, न्हाय." मुलीनं लिहिलं. राहिला मुलगा. त्यानं चष्मा काढला, रुमालानं तोंड पुसलं आणि जीभ काढली. पन्हळ.

"आमच्यावर गेलाय," चुलते खूश होऊन म्हणाले.

मुलगी लिहिता लिहिता थांबली. तिचं थांबणं मला कळलं, कारण तोवर माझंही गणित तिथंच आलं होतं. वडिलांचे दोन्ही घटक दबलेले. आईचे दोन्ही दबलेले. आई-बापाचे घटक मांडायच्या चौकटीच्या चार घरांत चारही वेळा दबलेलेच येणार. पण अर्धवट भरलेला तक्ता समोर असला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "शून्य."

"शून्य म्हंजे काय, पावणं?"

"म्हणजे चारपैकी शून्य. यांच्या जिभेची पन्हळ व्हायला नको."

"पर होतीय की. आत्ता बघितली न्हाय व्हय तुम्ही?"

"तेच म्हणतोय."

मुलाची जीभ अजून बाहेरच होती, ती त्यानं हळूच आत घेतली. वडिलांनी तक्त्याकडं बघितलं, मग मुलाकडं, आणि मग थोरल्या भावाकडं. थोरल्या भावाच्या नावापुढं 'होय' लिहिलेलं होतं. बायको आतून पोह्यांची दुसरी ताटली घेऊन आली आणि कुणापुढं ठेवावी हे न कळून तशीच उभी राहिली.

"पुस्तकात चूक असंल," मी म्हणालो.

"बाबा, बोर्डाचं पुस्तक आहे," मुलगी म्हणाली. "उद्या हेच लिहायचंय."

चुलते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "आरं, मी त्या साली मिलिटरीत होतो की." असं कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हा मुलाची आई उठली. दातातला पदर सोडून ती म्हणाली, "भावजी, जरा भिंतीकडं तोंड करा."

"का?"

"करा म्हणते न्हवं."

चुलते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ती तक्त्यासमोर आली, नवऱ्याकडं बघून तिनं जीभ बाहेर काढली आणि तिची पन्हळ केली. मग ती मोडून टोक मागं वळवलं, आणि दोन्ही बाजूंना दोन घड्या घातल्या. तीन पाकळ्यांचं फूल झालं. असलं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जीभ आत घेऊन ती म्हणाली, "लगीन व्हायच्या आधीपासनं येतंय. थोरल्या दिरापुढं जीभ काढून दावू का मी? तुम्ही माणसं काय इचारताय आणि कुठं इचारताय."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "मला कधी दावली न्हाईस."

"तुम्ही कधी इचारलंय?"

मुलीनं मात्र लगेच पेन्सिल उचलली. "काकू, यांना आणखी भावंडं?"

"एक पोरगी. बांबवड्याला दिलीया. तिची सपाट हाय."

"मग तुमचा एक घटक वरचढ, एक दबलेला. बाबा, बदला."

मी मघाचं शून्य बदलून तक्त्यावर पन्नास टक्के लिहिलं. तक्ता जुळला. भिंतीकडून आवाज आला, "झालं का? फिरू का मी?" कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पाहुणे चार वाजता गेले, म्हणजे मुळात यायच्या वेळेला. जीपमध्ये बसायच्या आधी मुलाच्या आईनं मुलीच्या हातावर हात ठेवून विचारलं, "पुढं हेच शिकणार व्हय?" मुलगी हो म्हणाली. "शीक," ती म्हणाली आणि पदर पुन्हा पुढं ओढून पाठीमागच्या सीटवर बसली. चार ते सहा आम्ही आनुवंशिकता पुन्हा एकदा केली. बायको मात्र माझ्याशी बोलत नव्हती. मुलीनं हे मुद्दाम केलं, असं तिला वाटत होतं. मुलगी म्हणाली, "मी काय केलं? जीभ त्यांनी काढली."

सोमवारी पेपर देऊन ती घरी आली आणि मागोमाग मेहुण्याचा फोन आला. पाहुण्यांनी नाही म्हटलं होतं. मी कारण विचारलं.

"चुलते म्हणाले, पोरगी झ्याक हाय, पर आमच्यात खपायची न्हाय. आज आई-बापापातूर आली, उद्या आज्यापातूर जाईल. आमच्या घरात लई जुनी भानगडीची माणसं होऊन गेलीत." मग तो तडकून म्हणाला, "दाजी, कायमची नोकरी होती. तुम्हाला तो शून्य बोलायची काय गरज होती?"

"तेव्हाच्या नोंदीप्रमाणं शून्यच येत होतं," मी म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

मी आत जाऊन सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला. मुलगी जेवायला बसली होती. पाहुणे येणार हे कळल्यापासून ती अर्ध्या भाकरीवर उठायची आणि पेपराचं टेन्शन आहे म्हणायची. रसायनशास्त्राचा पेपर अजून व्हायचाच होता. तिनं वाटी पुढं सरकवली आणि आईला म्हणाली, "आमटी गरम कर की जरा," आणि दुसरी भाकरी घेतली.