विलायती घराचं माळवद

"समोरून बघा हो, समोरून!" असं म्हणत आमचे गुत्तेदार पाहुण्याचा दंड धरत आणि त्याला रस्त्यापलीकडं नेऊन उभा करत. मी पूर्णा स्टेशनात तिकीटबाबू. माझी खोली त्यांच्या नव्या बंगल्याला लागून. तेव्हा माझा दंड किती वेळा धरला गेला असेल, ते विचारूच नका.

रेल्वेचे पूल आणि मोऱ्या बांधायचे ठेके घेण्यात त्यांचा जन्म गेला. बायको गावाकडं सासू-सासरे आणि शेती सांभाळत राहिली. दिवाळीला भेट झाली तर झाली. आता म्हातारपणी तरी दोघांनी एका छपराखाली राहावं, एवढीच त्यांची आस होती. पण छप्पर कसं असावं हे काही त्यांनी बायकोला विचारलं नाही. ते त्यांनी बिस्किटांच्या डब्यावरून ठरवलं!

कुणा गोऱ्या इंजिनिअरनं दिलेल्या त्या डब्यावर इंग्लंडातल्या जमीनदाराच्या घराचं चित्र होतं. उंच खिडक्यांच्या रांगा, दारापुढं दगडी खांब, उतरतं छप्पर, वर धुराडी. गवंडी मागच्या बाजूचं विचारायचा, तेव्हा गुत्तेदार डबा फिरवून बघत. मागं नुसती बिस्किटं छापलेली. शेवटी गवंड्यानं मागं आपली नेहमीची चूल, न्हाणी आणि गोठा बांधून टाकला.

घर पुरं झालं आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बैलगाडीतून घर बघायला आल्या. बोचकं उचलून मीही मागोमाग आत गेलो. दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीचा कोनाडा होता.

"हे काय हो?"

"थंडीत अंग शेकायला."

"आपल्याकडं थंडी हाय किती!" काकू हसल्या आणि जिना चढल्या. वर सपाट गच्चीऐवजी उतरतं छप्पर बघून मात्र त्यांचं हसू मावळलं. "आन् माळवद?"

"विलायतेत माळवद नसतंय."

"मग वाळवण कुठं घालतेत? उन्हाळ्यात निजतेत कुठं?"

गुत्तेदारांनी सवयीनं डबा उचलला, पण तो बिचारा काय सांगणार! काकू खाली उतरल्या. "घर लय देखणं हाय, पण माजा जीव घुसमटायलाय. मी आपली गावाकडंच बरी." आणि आल्या त्याच गाडीनं निघून गेल्या.

संध्याकाळी गुत्तेदार माझ्या ओट्यावर येऊन बसले. "बाबू, समदी उमर तिच्यापासून दूर काढली. आता बी न्हाई यायची ती." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या डब्याला मी किती हसलो होतो!

थोड्याच दिवसांत ठोकाठोक ऐकू आली. बघतो तर गुत्तेदार स्वतः शिडीवर. मागच्या अंगाचं छप्पर उतरवलं जात होतं. सागवानी तुळया बसल्या, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती, आणि झालं सपाट माळवद. पुढून इंग्लंड आणि मागून आमचं परभणी! लोक हसले. गुत्तेदारही हसले आणि गाडी जुंपून गावाकडं गेले. येताना काकू शेजारी बसल्या होत्या.

बरेच उन्हाळे दोघं त्या माळवदावर निजले. रात्री त्यांच्या गप्पा माझ्या खोलीपर्यंत येत आणि मला बरं वाटे. निजामाचं राज्य जायच्या आधीच गुत्तेदार वारले.

भेटायला गेलो तेव्हा काकू माळवदावर होत्या. त्यांना न्यायला आलेला लेक गावाकडं चला म्हणत होता. त्या म्हणाल्या, "न्हाई येत. घर कुणीबी बांधतंय रे. त्यांनी माज्यासाठी मोडलं." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी शेजारणींना हाक मारली. कुरडयांचा चीक शिजून तयार होता आणि ऊन चांगलं पडलं होतं.