हिराताईचा पहिला घास

बाळकुमच्या आमच्या गल्लीत हिराताईकडे जेवायच्या वेळी गेलं की नवखा माणूस गोंधळायचा. ताट तिच्या भावाचं, आणि पहिला घास खायची ती. भात, आमटी, बोंबलाचा तुकडा, सगळं त्याच्यासमोर चाखायची, तोंड उघडून दाखवायची आणि म्हणायची, "घे किसन, काय नाय घातलंय." मगच किसनदादा जेवायचा. भाऊबीजेची करंजीसुद्धा ती उष्टी करूनच त्याच्या हातात द्यायची.

किसनदादाला ऐन तरुणपणी मनाचा आजार जडला. आपल्या जेवणात विष कालवलंय, असं त्याच्या कानात सारखं कुणीतरी सांगायचं. एकदा त्यानं तांब्या फेकून मारला आणि ताईच्या भुवईवर कायमचा व्रण राहिला. मी चिडलो तर म्हणाली, "तो नाय मारत रे. त्याच्या कानातली मानसं मारतात." तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. लग्नाची स्थळंही तिनं "भाऊ बरोबर येल" एवढ्यावरच परत पाठवली.

गोळ्या घ्यायला तो फार छळायचा. कुटून आमटीत टाक, त्याला कळणारही नाही, असं शहाणपण सगळी गल्ली तिला शिकवायची. मासे चिरता चिरता ती एकदा थांबली. "डालीत गोली टाकली ना, त्याचा संशय खरा होल. मंग तो कोनाच्या हातचा खाल?" तळहातावर गोळी घेऊन ती त्याच्यापुढे बसून राहायची. कधी तो घ्यायचा, कधी तिच्या तोंडावर थुंकायचा. तोंड पुसून ती पुन्हा बसायची. मला ते बघवत नसे.

यंदा ताई झोपेतच गेली. किसनदादा रडला नाही, फक्त जेवेना. मी त्याच्यासमोर घास खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्यानं ताट सरकवलं. स्वतः सोललेल्या केळ्यांवर तो राहिला, पार वाळला. आता हा जगतो कसा, हीच आम्हाला काळजी.

दहाव्याला खाडीवर ताईचं पान वाढलं. भात, वडे, तिच्या आवडीची करंजी. कावळे समोरच्या टॉवरच्या कठड्यावर बसून होते, खाली एकही येईना. ताईच्या चुलतभावानं हात जोडले, "ताय, किसनला आमी बघू." तरी नाही.

तेवढ्यात किसनदादा पुढे झाला. पानावरची करंजी उचलून त्यानं तिचा घास घेतला. "अरे, अरे, उष्टं केलंस!" भटजी ओरडले. इतक्या दिवसांत घरचं अन्न त्याच्या पोटात पहिल्यांदाच जात होतं. नीट चावून, गिळून त्यानं खाडीकडे तोंड उघडून दाखवलं आणि उरलेली करंजी पानावर ठेवली.

"घे ताय," तो म्हणाला, "काय नाय घातलंय."